हौसाचा अभ्यासक्रम संपल्यावर चार दिवस यानकारीच्या जंगलात जावे का?

पठारावरची:

सर्वांना सलाम.

मी व्यवसायाने परिचारिका आहे. घर अहिल्यानगर जिल्ह्यातले, पण वडील वनखात्यात असल्यामुळे बालपण मेळघाटात गेले. सध्या नायजेरियातल्या जॉस शहरात एका ख्रिस्ती मिशनच्या वैद्यकीय सेवेत आहे. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला रुग्णालयात पूर्ण वेळ रुजू होण्यापूर्वी हौसा भाषेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि माझा तो अभ्यासक्रम फेब्रुवारीच्या मध्याला संपत आहे. सकाळी शिक्षकांकडे पाठ, दुपारी बाजारात जाऊन तोच पाठ भाजीवाल्या बायकांवर आजमावणे आणि रात्री पुन्हा अनेकवचने घोकणे असे इतके महिने चालले आहे, की परीक्षा झाल्यावर काही दिवस वही आणि वॉर्ड दोन्ही दृष्टीआड व्हावेत असे मनापासून वाटते. मिशनने एक आठवड्याची रजाही दिली आहे.

माझ्या मनात शेजारच्या बाउची राज्यातले यानकारी अभयारण्य आहे. बरोबर एक केनियन सहकारी येणार आहे. मसाई मारा पाहिलेल्या माणसाने पश्चिम आफ्रिकेत जनावरे पाहायला जाऊच नये, असे तिचे म्हणणे आहे. तिथे खरोखर काय दिसते, राहण्याची सोय कशी आहे आणि फेब्रुवारीचा शेवट हा योग्य काळ आहे का, हे कुणी तिकडे जाऊन आलेल्याने सांगितल्यास उपकार होतील. शेजारच्या नायजर देशातल्या कुरे येथील जिराफांबद्दलही ऐकले आहे. तिथे जाणे शक्य आहे का? आणखी एक शंका आहे, कदाचित ती बाळबोध वाटेल. आमचे शिक्षक कानोचे असून त्यांची हौसा अगदी घोटीव आहे, पण जॉसच्या बाजारात जी ऐकू येते ती निराळीच असते. बाउचीकडच्या वनरक्षकांचे बोलणे मला कितपत समजेल?

कानोचा जुना रहिवासी:

ताई, अभ्यासक्रम पुरा होत असल्याबद्दल अभिनंदन. कापड गिरणीच्या नोकरीनिमित्त माझा बराच काळ कानोत गेला आणि त्या काळात यानकारीला अनेकदा जाणे झाले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. सुरक्षिततेचा विषय मात्र माझ्यापेक्षा आज तिथे असलेल्यांनी मांडावा, कारण माझी माहिती जुन्या दिवसांची आहे.

जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र कशासाठी जायचे हे आधी मनाशी ठरवून जावे. यानकारी सुमारे 2,244 चौरस किलोमीटरचे आहे. 1956 साली तत्कालीन उत्तर नायजेरियाच्या सरकारने त्याला मान्यता दिली, 1962 मध्ये ते पर्यटकांसाठी खुले झाले, 1991 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2006 मध्ये पुन्हा बाउची राज्याच्या ताब्यात आले. 2014 पासून राज्य सरकारच्या बरोबरीने वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटी ही संस्था तिथले संरक्षण पाहते, आणि हत्तींच्या शिकारीला जो काही आळा बसला तो प्रामुख्याने त्यानंतर. नायजेरियात हत्तींचा सर्वांत मोठा कळप आज इथेच उरला आहे. हे सगळे सांगण्याचे कारण असे, की जंगलाची आजची स्थिती या हस्तांतरणांमधून घडलेली आहे. मधल्या काळात दुर्लक्षही झाले आणि शिकारही पुष्कळ झाली, त्यामुळे मसाई मारासारखे पठारभर पसरलेले कळप इथे नाहीत आणि आपल्या सहकारी बाईंचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे.

पण माराच्या मापाने यानकारी मोजणे मला पटत नाही. हा सहाराच्या दक्षिणेकडच्या, सुदान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यातला विरळ झाडीचा सॅव्हाना, म्हणजे गवताळ रान आहे आणि त्याच्या मधून गाजी नदी वाहते. नोव्हेंबरपासून पाऊस थांबतो, गवत वाळते, बरेचसे जाळलेही जाते, आणि आतल्या पाणवठ्यांचे पाणी आटत गेले की सगळी जनावरे गाजीच्या काठाकडे सरकतात. डिसेंबर-जानेवारीत हरमटान वाऱ्याच्या धुळीमुळे लांबचे काही दिसत नाही आणि एप्रिलच्या अखेरीस पावसाची चाहूल लागते. त्यामुळे फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा काळ सर्वांत चांगला; उकाडा मात्र सोसावा लागेल. जॉस समुद्रसपाटीपासून जवळजवळ बाराशे मीटर उंचीवर असल्यामुळे तिथल्या हवेची सवय झालेल्या माणसाला खाली उतरल्यावर दुपार फार जड जाते.

या काळात वॉटरबक, रोन हरीण, हार्टबीस्ट, रानडुकराच्या जातीचे वॉर्टहॉग आणि बबून हमखास दिसतात. रानम्हशी आणि पाणघोडे नशिबावर. हत्ती मला बहुतेक वेळा नदीकाठच्या उंच गवतात दिसले. आधी केवळ गवताचे शेंडे हलताना दिसतात, मग एखादी करडी पाठ, आणि ट्रकचे इंजिन बंद करून निवांत थांबलो तर सगळा कळप ओळीने पाणी ओलांडून पलीकडे जातो. ताडोबाला एका वाघामागे पंधरा जिप्सी धावतात तसे इथे काही घडत नाही. पुष्कळदा त्या संपूर्ण नदीकाठावर आपली एकच गाडी असते.

सिंह पाहण्याच्या इराद्याने जाऊ नये. नायजेरियात रानटी सिंह आता केवळ यानकारी आणि काइंजी या दोनच ठिकाणी उरले आहेत, तेही अगदी थोडे. आपल्या मंडळींना यात रस वाटावा अशी एक गोष्ट सांगतो. सिंहांच्या वर्गीकरणाची 2017 साली जी फेरमांडणी झाली, तिच्यानुसार पश्चिम आफ्रिकेचा सिंह आणि आपल्या गीरचा सिंह एकाच उपजातीत मोडतात, तर केनियातला सिंह दुसऱ्या उपजातीत. म्हणजे यानकारीचा सिंह आपल्या सहकारी बाईंपेक्षा आपल्याला जवळचा आहे, असे त्यांना जरूर सांगावे.

मुक्काम विक्की कॅम्पवर होतो. बाउची शहरातून मैनामाजीच्या फाटकापर्यंत आल्यावर तिथून आत सुमारे चाळीस किलोमीटर जावे लागते. कॅम्पच्या खालच्या अंगाला विक्कीचा गरम झरा आहे. पाण्याचे तापमान वर्षभर 31 अंशांच्या आसपास राहते, तळाशी पांढरी वाळू आहे आणि पाणी इतके नितळ की गळ्यापर्यंत उतरल्यावरही पायाची बोटे मोजता येतात. अभ्यासाने शिणलेल्या माणसाने पहाटेची फेरी आटोपून यावे आणि ऊन चढेपर्यंत त्या पाण्यात नुसते पडून राहावे. खरे सांगायचे तर हत्तींपेक्षाही मला या झऱ्याची आठवण जास्त येते.

बबूनांच्या बाबतीत मात्र गाफील राहू नये. ते कॅम्पच्या आवारातच वावरतात, खोलीचे दार ढकलून पाहतात आणि मोटारीची काच चार बोटे उघडी राहिली तरी हात आत घालतात. एकदा आमच्या शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांनी गाडीच्या टपावर पाव ठेवून कुलूप काढायला पाठ वळवली. तेवढ्यात एक थोराड नर शांतपणे चालत आला, त्याने अख्खा पाव बगलेत घेतला आणि झाडावर न चढता तिथेच दहा पावलांवर बसून प्लास्टिकची पिशवी दातांनी व्यवस्थित फाडून एकेक काप खाल्ला. खाद्यपदार्थ पेटीत, पेटी खोलीत आणि खोलीला कडी, एवढे पथ्य पाळावे.

भाषेविषयी: आपण कानोची हौसा शिकला आहात हे उत्तमच आहे. रेडिओवर आणि छापील मजकुरात तीच चालते. जॉसच्या बाजारात जी ऐकू येते ती बेरोम, अंगास अशा अनेक समाजांनी व्यवहारासाठी उचललेली असल्यामुळे तिच्यात स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा काटेकोरपणा राहत नाही. बाउचीकडचे लोक बोलताना आपल्या शिक्षकांपेक्षा थोडे वेगळे वाटतील, पण अडणार काही नाही. वनरक्षकाला भेटल्याबरोबर जनावरांबद्दल विचारू नये. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, काम कसे चालले आहे, थकवा कसा आहे ही विचारपूस सावकाश आणि पुरती करावी, कारण तिकडे हीच सभ्यता आहे. ते झाल्यावर गिवा, म्हणजे हत्ती, कुठे आहेत म्हणून विचारावे. जो रक्षक इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्यांना नुसते बोट दाखवतो, तोच मग कालच्या पाऊलखुणांपासून सांगायला लागतो.

पाणवठा:

वरच्या उत्तरात पक्ष्यांचा उल्लेखही नाही, म्हणून ही पुरवणी. यानकारीत साडेतीनशेच्या आसपास पक्ष्यांच्या जातींची नोंद आहे आणि गाजीच्या काठावर हत्तींची वाट पाहत बसलेल्या माणसाला दुर्बीण जवळ असेल तर कंटाळा येण्याचे कारण नाही.

मात्र मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताई ज्या गावात राहतात तिथेच एक मोठी गोष्ट आहे, ती त्यांनी आधी पाहावी. जॉसच्या जवळ लामिंगा गावापाशी अमुरुम नावाचे लहानसे राखीव वन असून तिथे ए. पी. लेव्हेंटिस पक्षिशास्त्र संशोधन संस्था आहे. खडकाळ टेकड्यांवर राहणारा रॉक फायरफिंच हा लालसर पाठीचा चिमुकला पक्षी स्वतंत्र जाती म्हणून 1998 मध्ये नोंदला गेला, तोही जॉसच्याच पठारावरून. त्याच्या घरट्यात अंडी घालून पिले वाढवून घेणारा जॉस प्लॅटो इंडिगोबर्ड हा पक्षीही याच भागाचा. पहाटे खडकांवर हायरॅक्स हे सशाएवढे केसाळ प्राणी ऊन खात बसलेले असतात. बाउचीचा प्रवास काही कारणाने रद्द झालाच, तर अमुरुममध्ये काढलेल्या दोन सकाळी वाया जाणार नाहीत. शहरातल्या वाइल्डलाइफ पार्कमध्ये पिंजऱ्यातली जनावरे आहेत. रजेचे दिवस तिथे घालवू नयेत, असे माझे मत आहे.

नियामेहून परतलेला:

कुरेच्या जिराफांबद्दल लिहितो, कारण मी नायजरच्या राजधानीत, नियामे येथे एका मदतसंस्थेच्या कामावर होतो. नियामेपासून साधारण साठ किलोमीटरवर कुरेचे माळरान आहे. पश्चिम आफ्रिकी जिराफ एके काळी सेनेगलपासून चाड सरोवरापर्यंत होता, आणि 1990 च्या दशकाच्या मध्यास त्यातले जेमतेम पन्नास जिराफ या एवढ्या भागात उरले होते. नायजर सरकार, संवर्धन संस्था आणि विशेषतः ज्यांच्या बाजरीच्या शेतांतून हे प्राणी फिरतात ते गावकरी यांच्यामुळे ती संख्या पुढे सहाशेच्या वर गेली. तिथे कुंपण नाही आणि सिंहही नाहीत. जिराफ बाभळीचा पाला खात माणसांच्या वाटेने फिरतात. पाहण्यासारखे आहे यात शंकाच नाही.

परंतु आज तिथे जाऊ नये, असे मी निक्षून सांगेन. ऑगस्ट 2020 मध्ये याच ठिकाणी जिराफ पाहायला गेलेल्या सहा फ्रेंच मदतकार्यकर्त्यांची आणि त्यांच्याबरोबरच्या दोन नायजरवासीयांची हत्या झाली. जुलै 2023 च्या लष्करी उठावानंतर सीमेवरच्या ये-जा करण्याचाही भरवसा उरलेला नाही.

यानकारीबाबतही एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. अपहरणाच्या घटनांमुळे उत्तर नायजेरियातल्या अनेक राज्यांविषयी परदेशी सरकारे इशारे देतात आणि त्यांत बाउचीचाही समावेश असतो. त्यामुळे कोण्या जुन्या प्रवाशाच्या आठवणींवर विसंबून निघू नये. निघण्याच्या आठवड्यात मिशनचे सुरक्षा पाहणारे लोक, बाउचीतले त्यांचे स्थानिक सहकारी आणि खुद्द अभयारण्याचे कार्यालय या तिघांकडूनही रस्त्याची खबर घ्यावी. तिघांपैकी एकानेही नको म्हटले तर अमुरुम गाठावे. जॉस ते बाउची हे अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटरच आहे आणि पुढचा रस्ता धरून एका दिवसात विक्कीला पोहोचता येते, पण पहाटे निघून उजेडात पोहोचण्याचा नियम मोडू नये.

पठारावरची:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. कुरेचा विचार मी सोडून दिला आहे. मिशनच्या सुरक्षा अधिकाऱ्यांशी काल बोलले. त्यांनी दोन वाहनांनी आणि ओळखीच्या चालकाबरोबर जाण्याच्या अटीवर तत्त्वतः होकार दिला असून अंतिम निर्णय निघण्याच्या दोन दिवस आधी होईल. सिंहांची उपजात ऐकवल्यावर माझी सहकारी थोडा वेळ गप्प बसली आणि मग गीर कुठे आहे ते नकाशात शोधू लागली.

आता उरलेल्या शंका. आमच्या तारखा रमजानमध्ये येत आहेत, तेव्हा वाटाडे मिळतील का आणि आम्ही कसे वागावे? त्सेत्से माशीचा त्रास कितपत आहे? आणि एक नाजूक गोष्ट. मी मिशनची आहे हे कुणी विचारले तर लपवायचे नाही, पण चार दिवसांच्या रजेत त्यावर संभाषण वाढावे असेही वाटत नाही. आमच्या गटातल्या काही ज्येष्ठांना मात्र वाटते, की भाषा आली आहे तर प्रत्येक भेट ही सेवेचीच संधी मानावी. यावर कुणाचा अनुभव असेल तर जाणून घ्यायला आवडेल.

निवृत्त पाळक:

ताई, सलाम. मी महाराष्ट्राबाहेर सेवाकार्य केलेला माणूस आहे. आफ्रिकेत गेलेलो नाही, त्यामुळे केवळ शेवटच्या प्रश्नापुरते लिहितो.

ज्येष्ठांच्या म्हणण्यामागची तळमळ मी समजू शकतो. हौसा भाषा आणि मिशन यांचा संबंध जुना आहे आणि त्या इतिहासाचे ओझे नव्या माणसावर नकळत येते. उत्तर नायजेरियात मिशनऱ्यांना प्रवेश नव्हता त्या काळात, 1899 च्या सुमारास, मिशनरी वॉल्टर मिलर आणि त्यांच्या सोबत्यांनी त्रिपोलीत राहणाऱ्या हौसा लोकांकडून भाषा शिकून घेतली, 1900 मध्ये ते कानोपर्यंत पोहोचले आणि अमीराने त्यांना तिथून परत पाठवले. पुढे जॉर्ज बार्जरी यांनी जो हौसा-इंग्रजी कोश केला, जो 1934 साली प्रसिद्ध झाला, त्याचा आधार आजही अभ्यासक घेतात. या माणसांनी आयुष्ये वेचली हे खरे. पण त्यावरून प्रत्येक परिचारिकेने गरम झऱ्यात उतरतानाही कामावर असले पाहिजे असे अनुमान काढणे मला मान्य नाही. प्रभूने शिष्यांना एकांती जाऊन थोडा विसावा घ्या असे सांगितले होते, हे त्या ज्येष्ठांनाही ठाऊक असेल.

शिवाय यात पाहुणचाराचाही प्रश्न आहे. बाउची हे मुस्लिम बहुसंख्य राज्य आहे, तिथे शरियतचे फौजदारी कायदेही लागू आहेत, आणि जॉसच्या आसपास दोन्ही समाजांनी 2001 पासून वारंवार दंगलींत माणसे गमावली आहेत. जो वनरक्षक नोकरीच्या नात्याने आपल्याबरोबर दिवसभर ट्रकमध्ये बसणार आहे, त्याला उठून जाण्याची मोकळीक नसते. अशा माणसापुढे धर्माचा विषय आपण होऊन काढणे मला सभ्यपणाचे वाटत नाही. त्याने विचारले तर खरे ते दोन वाक्यांत सांगावे आणि पुन्हा हत्तींकडे वळावे. पुढे त्याच्या घरचे कुणी आजारी पडून आपल्या रुग्णालयात आले, तर ओळख तेव्हा कामी येईल.

कानोचा जुना रहिवासी:

पाळकसाहेबांनी लिहिले त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मी ख्रिस्ती नाही, तरीही कानोत राहून हेच शिकलो.

रमजानविषयी: वाटाडे मिळतात, पण सकाळची फेरी तेवढी धरावी. दुपारी उशिराच्या फेरीला रक्षक दिवसभराच्या उपासाने आणि तहानेने थकलेला असतो, आणि सूर्यास्ताला त्याला कॅम्पवर परतायचे असते. ट्रकमध्ये त्याच्यासमोर पाण्याची बाटली तोंडाला लावणे टाळता आले तर टाळावे. उन्हामुळे प्यावेच लागले तर परवानगी विचारून प्यावे, तो हसून हो म्हणेल. निघताना जॉसहून चांगला खजूर घेऊन जावा आणि संध्याकाळी उपास सोडण्याच्या वेळी कॅम्पवरच्या लोकांना द्यावा.

त्सेत्से माश्या आहेत, मुख्यतः नदीकाठच्या झाडीत, आणि त्या कपड्यांवरूनही चावतात. त्यांना निळा आणि काळा रंग आकर्षून घेतो, तेव्हा परिचारिकेचा निळा गणवेश आणि जीन्स दोन्ही घरी ठेवून खाकी किंवा फिकट मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, जाड कापडाचे कपडे घ्यावेत. चालत्या ट्रकच्या मागे त्या येतात आणि थांबलो की बसतात, म्हणून गळ्याभोवती एक पंचा असू द्यावा. हिवतापाच्या गोळ्या आणि मच्छरदाणी याबद्दल आपल्याला मी सांगण्याची गरज नाही.

शेवटचे म्हणजे पैसे आणि इंधन. बाउची सोडताना टाकी भरून घ्यावी आणि लागतील तेवढे नायरा रोख बरोबर ठेवावेत. प्रवेश, वाहन, कॅमेरा आणि फेरी यांचे दर वेगवेगळे आकारले जातात आणि ते बदलत असतात. कॅम्पवर वीज जनरेटरवर चालते, तीही ठरावीक तासच, त्यामुळे विजेरी जवळ ठेवावी. रात्री खोलीबाहेर जाण्याआधी तिचा उजेड अंगणभर फिरवून घ्यावा, कारण वॉर्टहॉग पायरीला टेकून झोपलेले असतात आणि अचानक उठवलेले त्यांना आवडत नाही.